तुर्भ्याचं वाळवंट

वाळवंटातले खडक चढायचं
आमचं चार महिने ठरत होतं.
मग वैजूची रजा कापली गेली,
तौफिकच्या मुलीची तोंडी परीक्षा निघाली,
आणि जोधपूरची तिकिटं वेटिंगलाच सुकली.
दिगू म्हणाला, तुर्भ्याला चला.
बंद खदाण आहे. झाड नाही, पाणी नाही.
उंट तेवढा ज्याने त्याने आपापला आणावा.

एप्रिलचा शनिवार, सकाळी सहा.
एमआयडीसीमागच्या कच्च्या रस्त्यावर आम्ही चौघं,
एकूण वय दोनशे सात,
एका गुडघ्याला पट्टा, एका छातीत दोन स्प्रिंगा,
शिवाय पाणी उचलायला दिगूचा भाचा मंथन,
त्याचं वय हिशेबात धरलेलं नाही.

खदाण म्हणजे डोंगराची उपटलेली दाढ.
काळ्या दगडावर
सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या पन्हळी अजून तशाच.
दिगूचे वडील इथे दारू ठासायचे.
तो त्या पन्हळीत बोटं रुतवून सरसर वर जातो,
म्हणतो, म्हाताऱ्याने मला जमीन नाही ठेवली,
पकडी ठेवल्या.

धूळ. दात मिटले की करकरते.
खाली वाशीच्या काचा लखलखतात,
त्यांच्यामागे खाडी,
तळण झाल्यावर कढईत उरलेल्या तेलासारखी.
त्यातल्या किती इमारती
या भिंतीतून उचलून नेल्या असतील,
दिगूला विचारलं तर तो बोटं मोजायला लागतो
आणि मध्येच सोडून देतो.

अठ्ठ्याण्णव साली मुंब्र्याच्या कड्यावरून तौफिक पडला.
फार नाही, आठ फूट.
टाच फुटली.
दोर माझ्या हातात होता
आणि मी एका हाताने काडी पेटवत होतो.

दहा वाजता तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
मंथन विचारतो, काका, तुमचा पाय असा का पडतो?
ही बाई, तौफिक म्हणतो. हिने दोर सोडला.
आठ महिने घरात बसलो.
आणि हसतो, वैजूच्या डब्यातलाच कांदा उचलून.
वैजू भाकरीचा तुकडा मोडते.
वजन किती होतं रे तुझं तेव्हा, एवढंच म्हणते.
माझ्याकडे बघत नाही.

म्हणजे इतकी वर्षं ते तिच्या नावावर होतं.
लग्नांत, बारशांत, ईदच्या शीरखुर्म्यावर
हा विनोद तिच्यासमोर होत आला,
आणि ती दर वेळी वजन विचारत आली.
मी मस्कतला होतो.
तिथे खरं वाळवंट आहे,
आणि कोणी काही विचारत नाही.

दुपार कलली तसा तौफिक उठला.
शेवटचा एक, म्हणाला. बिलेला कोण?
वैजूने दोर उचलून माझ्या हातात दिला.
माझी गाठ तपासली.
परत एकदा तपासली.
मग टोपी तोंडावर ओढून
दगडाच्या वीतभर सावलीत जाऊन आडवी झाली.

तो चाळीस फुटांवर गेल्यावर मी म्हणालो,
तौफिक, तो मी होतो.
बेलापूर रोडवर एक कंटेनर
लांबलचक हॉर्न देत चालला होता.
काय?
मुंब्र्याला. दोर. मी.
वरून थोडी माती आली, मग आवाज,
सैल सोडू नको रे, आवळ!

मी आवळला.
टोपी हलली नाही.
मंथनने पाण्याची बाटली पुढे केली,
मी मानेनेच नको म्हटलं.
तहान होती.